खुशालीचा रकाना

१

अंबाजोगाईच्या योगेश्वरीची शपथ घेऊन सांगतो, पुढं जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी आयुष्यात कधी खोटं बोललेलो नाही. आता हे वाक्य खोटं आहे, हे आमच्या युसूफ वडगावात कुणालाही विचारा. बंकट म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग खुर्ची ओढून बसतात. पण या गोष्टीला चौदा माणसं साक्षीला होती. चौदा नव्हती, नऊ होती. त्यातल्या दोघांना नीट ऐकू येत नाही, एकाला दिसत नाही. तरी साक्ष ती साक्ष.

रेशनच्या रांगेत बिबट्या उभा होता असं मी एकदा सांगितलं, तेव्हा लोकांनी त्याचा नंबर कितवा होता ते विचारलं. ही गोष्ट सांगितली तेव्हा कुणी काहीच विचारलं नाही. एकेक जण चहा अर्धा टाकून उठून गेला.

२

दिवाळी सरली की आमचं गाव निम्मं रिकामं होतं. ऊसतोडीचे ट्रॅक्टर येतात, चुली, भांडी, पत्रे, शेळ्या, सगळं वर चढतं आणि टोळ्या कारखान्यांकडं निघतात. काही सांगली-कोल्हापूरकडं, काही थेट कर्नाटकात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि दारांना कुलपं. गुढीपाडव्यापर्यंत भर दुपारी गल्लीतून चाललात तर आपल्याच चपलेचा आवाज मागून आल्यासारखा वाटतो.

स्टँडसमोर माझं कॉम्प्युटर सेंटर आहे. सातबारा, फॉर्म, झेरॉक्स. त्याशिवाय केजच्या एका संस्थेची वेबसाइट मी चालवतो. ती मीच लिहिलीय, पीएचपी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत. मागं राहिलेल्यांना आपली माणसं कुठं आहेत ते कळावं, एवढंच तिचं काम. प्रत्येक कोयत्याची एक ओळ. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, आणि टोळीत दोघं मिळून एक मोजतात. ओळीत चार रकाने: नंबर, दोघांची नावं, मुक्काम, खुशाली. टोळीचा मुकादम रोज संध्याकाळी मोबाइलवरून मुक्काम आणि खुशाली भरतो. खुशालीच्या रकान्यात तो बहुतेक एकच शब्द लिहितो, ‘खुशाल’.

म्हाताऱ्यांना वाचता येत नाही आणि आलं तरी स्क्रीनवरचं दिसत नाही. म्हणून रोज दुपारी एक वाजता माझ्या दुकानाच्या पायरीवर खुशालीचं वाचन असायचं. नऊ जण ठरलेले. मी ओळ वाचायचो आणि मीठ-मसाला पदरचा घालायचो. मुकादमानं लिहिलेलं असायचं ‘खुशाल’, मी वाचायचो ‘खुशाल, आणि काल फडात मोर दिसला.’ बायडाबाई नावाची म्हातारी तर मला म्हणायची, तुझ्या तोंडून ऐकलं की पोरगा घरीच असल्यावानी वाटतंय. ह्यात कुणाचं काय वाईट झालं? मला तेव्हा तरी वाटलं नाही.

३

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ज्या कंपनीकडं साइट ठेवली होती तिनं सर्व्हर बदलला. सकाळी पान उघडलं तर मराठीच्या जागी भलतंच. इंग्रजी अक्षरांच्या डोक्यावर टिंबं, तिरप्या रेघा, मध्येच पौंडाची खूण. ह्याला घाबरायचं नसतं. अक्षरं साठवायच्या रीती असतात. डेटाबेस, म्हणजे नोंदींचा साठा, एका रीतीनं देतो आणि स्क्रिप्ट, म्हणजे पान मांडणारा प्रोग्रॅम, दुसऱ्या रीतीनं वाचते, मग असा चिवडा दिसतो. आतला माल शाबूत असतो. स्क्रिप्टमध्ये जोडणीच्या वेळी एक ओळ घातली, की मी युनिकोडमध्ये बोलणार आहे, तर सगळं जागेवर येतं. पोराटोरांनाही ठाऊक असलेलं काम.

मी ती ओळ घातली नाही. मी हुशारी केली. अख्खा डेटाबेसच एका फटक्यात बदलून टाकावा म्हणून आज्ञा दिली, आणि ती उलट्या बाजूनं दिली. दोन सेकंद लागले. पान पुन्हा उघडलं तर चिवडा गेला होता आणि सगळीकडं प्रश्नचिन्हं होती. नुसती प्रश्नचिन्हं.

हे वेगळं असतं. चिवड्यातून अक्षर परत मिळतं, प्रश्नचिन्हातून मिळत नाही. जे अक्षर त्या रीतीत बसत नाही ते मशीन फेकून देतं आणि त्याच्या जागी प्रश्नचिन्ह मांडतं. चिपाडातून परत ऊस होत नाही, तसं. हात लावायच्या आधी नक्कल काढून ठेव, असं संस्थेच्या ऑफिसातल्या उज्ज्वलाताईनं मला दहादा बजावलं होतं. मी काढली, पण नंतर. म्हणजे प्रश्नचिन्हांची नक्कल काढली, आणि ती चांगल्या नकलेवर जाऊन बसली.

उज्ज्वलाताईचे फोन सुरू झाले. मी दुकानाचा मोबाइल बंद करून गल्ल्यात टाकला. मग ती राहून गेलेली ओळ स्क्रिप्टमध्ये घातली. उद्यापासून येणाऱ्या नोंदी नीट बसणार होत्या. झालेलं मात्र गेलं होतं.

पूर्ण गेलं होतं असंही नाही. अक्षरं जातात, पण इंग्रजी आकडे, मोकळ्या जागा, पूर्णविराम तसेच राहतात. आणि प्रत्येक अक्षराला, प्रत्येक काना-वेलांटीला एकेक प्रश्नचिन्ह. त्यामुळं शब्द दिसत नसला तरी त्याचं माप दिसतं. खुशालीच्या रकान्यात ओळीमागून ओळ पाच-पाच प्रश्नचिन्हं होती. ‘खुशाल’चं माप पाच. मी खाली खाली बघत गेलो. पाच, पाच, पाच. मला जरा बरं वाटलं.

एकशे सतराव्या ओळीत खुशालीच्या रकान्यात तीन वाक्यं होती. शंभरावर प्रश्नचिन्हं. शेवटी दहा आकडी फोन नंबर, शाबूत.

४

एकशे सतरा म्हणजे सतीश आणि राजश्री. राजश्री आमच्या गल्लीतल्या तुळजाबाईची एकुलती एक. सतीश पाटोद्याकडचा, मागंपुढं कुणी नसलेला, शांत पोरगा. मुकादम आश्रुबाही तिकडचाच. त्याच्या टोळीत आमच्या गावचं हे एकच जोडपं, आणि टोळी पार अथणीच्या पलीकडं. राजश्री निघाली तेव्हा पाचवा महिना होता. कोयता एकट्याचा होत नाही, म्हणून गेली. सातवा लागला की सतीश तिला आणून सोडणार, असं ठरलं होतं. आता सातवा सरत आला होता.

तुळजाबाईकडं फोन नव्हता. नोंदणीत तिनं माझ्या दुकानाचा नंबर दिला होता. चार दिवस झाले, माझ्या हातानं ती सतीशचा फोन लावून बघत होती, आणि चार दिवस तो बंद होता.

एक वाजला. नऊ जण पायरीवर येऊन बसले. तुळजाबाई आत, प्रिंटरशेजारच्या पेटीवर. हीच तिची जागा. माझ्या समोर स्क्रीनभर प्रश्नचिन्हं. खरं सांगायचं तर एकच वाक्य पुरलं असतं, आज मशीन बिघडलंय. पण ते वाक्य केजच्या ऑफिसात पोचलं असतं, आणि कुणी बिघडवलं ते निघालं असतं.

मी वाचायला लागलो. बायडाबाईचा पोरगा खुशाल. बद्रीनाथची सून खुशाल, काल तिनं सगळ्या टोळीला पुरणपोळ्या घातल्या. एकेक ओळ बोट फिरवत, चष्मा सावरत, थांबत थांबत वाचली. असं वाचन माझ्याच्यानं आधी कधी झालं नव्हतं.

“माझ्या राजीचं काय आलंय, बंकटभाऊ?”

मी एकशे सतराव्या ओळीवर होतो. तीन वाक्यं आणि एक नंबर. नंबर कोण कधी लिहितं? फोन करा म्हणूनच लिहितं. तेवढं मला कळत होतं. मी स्क्रीनकडं बघत म्हणालो, “राजश्री खुशाल हाय, मावशी. निघाली म्हणे घराकडं.”

“निघाली?”

“असं लिहिलंय.”

तुळजाबाईनं आनंद तोंडावर दाखवला नाही. पेटीवरून उठली, पदर खोचला, आणि घर सारवायचं राहिलंय म्हणाली.

५

दुसऱ्या दिवशी सगळ्या टोळ्यांच्या नव्या नोंदी नीट मराठीत आल्या होत्या. आश्रुबाच्या टोळीच्याही. फक्त एकशे सतराला नवी नोंद नव्हती. म्हणजे जुनीच ओळ दिसायला हवी होती, प्रश्नचिन्हांची.

पण ओळ अशी होती. नावांच्या रकान्यात आधी चार प्रश्नचिन्हं, म्हणजे सतीश. मग स्वच्छ अक्षरात ‘राजश्री’. मुक्काम: जत. खुशाली: ‘खुशाल. निघाली.’

मी आधी हसलो. म्हटलं, बंकट, काल तू जे बोललास तेच कुठंतरी टाइपही करून ठेवलंयस. झोपेत माणूस कायकाय करतो. मग मी नोंदी तपासल्या. सर्व्हर प्रत्येक येण्याजाण्याचं टिपण ठेवतो, कोण आलं, किती वाजता, काय बदललं. त्या ओळीला कुणी हात लावलेला नव्हता. ब्राउझरनं जुनं पान धरून ठेवलं असेल म्हणून ते पुसलं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं. माझ्या मोबाइलवर उघडलं. जत. राजश्री. निघाली.

मग मी थेट डेटाबेसात शिरून साठवलेले आकडे बघितले. आत अक्षर नसतंच, आकडेच असतात. प्रश्नचिन्हाचा आकडा त्रेसष्ट. त्या ओळीत काल होते तेच होते. त्रेसष्ट, त्रेसष्ट, त्रेसष्ट. शंभरावर वेळा. एकही बदललेला नव्हता.

साठ्यात प्रश्नचिन्हं होती आणि पानावर अक्षरं येत होती. मधली स्क्रिप्ट मी लिहिलेली होती. चाळीस ओळींची. ती मी वरून खाली आणि खालून वर वाचली. कुठंही काही नव्हतं.

पंख्याचा आवाज येत होता. बाहेर रस्त्यावर कुणी नव्हतं. मी ते पान छापून बघितलं. प्रिंटरनंही तेच छापलं, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

एक वाजता मी तुळजाबाईला वाचून दाखवलं. ह्या खेपेला पदरचं काही घातलं नाही.

६

तिसऱ्या दिवशी मुक्काम होता सांगोला.

जतहून सांगोला एसटीनं दीड-दोन तास. निघालेलं माणूस तिसऱ्या दिवशी घरी असायला पाहिजे होतं. मी अंतर काढलं. माणूस सकाळपासून चालत राहिला, कुठं न बसता, तर जेवढं होईल तेवढं.

मी दुकानाचं शटर लावलं, डेटाबेसातल्या त्या ओळीच्या शेवटून तो दहा आकडी नंबर घेतला आणि फोन केला. आश्रुबानंच उचलला. मागं कोयते चालल्याचा आवाज येत होता, उसाच्या पाल्याची सळसळ. मी नाव सांगितलं.

आश्रुबा म्हणाला, “तुमी आत्ता फोन करताव?”

मी म्हटलं, मशीनमध्ये बिघाड झाला होता.

“मी समदं लिवलं व्हतं, भाऊ, आईला घेऊन या म्हनून. दुसऱ्या दिशी दुकानच्या नंबरला बी लावला, बंद लागायचा.” त्याचा आवाज चढलेला नव्हता. “सकाळच्या पारी पोट दुखाया लागलं. ट्रॅक्टर ऊस घेऊन कारखान्याच्या गव्हानीवर गेलता, याला दुपार झाली. लेकरू पोटातच ऱ्हायलं. माय बी गेली, लेकरू बी गेलं.”

मी विचारलं, आता कुठं आहे ती?

“कुटं असंल? दोन दिस बर्फावर ठिवली. कुनी येईना. मग फडाच्या बांधाला दिलं उरकून. सतीशनं अग्नी दिला, अन् दुसऱ्या दिशी तो कुटं गेला, कुनालाच ठावं न्हाई.” मग त्यानं शांतपणे विचारलं, “तुमी ते वाचलं का न्हाई, एवढंच सांगा.”

मी फोन ठेवला. शटरच्या फटीतून उन्हाची एक रेघ जमिनीवर पडली होती. ती हळूहळू सरकत माझ्या पायापर्यंत आली तोवर मी तसाच बसून होतो.

आता तुम्ही म्हणाल, हे कळल्यावर पुढं काय सांगायचं ते ठरलेलंच होतं. उठायचं, चार घरं ओलांडायची, तुळजाबाईच्या दारात जायचं. मी उठलोही. तिच्या दारापर्यंत गेलो. ओट्यावर ताज्या सारवणाचा वास येत होता. आत तिनं एका जुन्या मऊ लुगड्याचे चौकोन फाडून त्यांची चळत लावली होती. मला बघून म्हणाली, “आज कुटवर आली?”

मी म्हणालो, “सांगोल्यापर्यंत.”

७

मंगळवेढा. मग मोहोळ. रोज एक गाव.

मी रोज सकाळी पान उघडायच्या आधी ठरवायचो की आज ओळ थांबलेली असेल. माझं डोकं अजून चालत होतं. कुणीतरी साइटमध्ये घुसून खोड्या करतंय, असं मी धरून चाललो. सगळे पासवर्ड बदलले. मुकादमांचा फॉर्म एक दिवस बंद ठेवला. त्या दिवशी कुठल्याच टोळीची नोंद आली नाही. एकशे सतराची आली. सतीश असेल, त्याचं डोकं फिरलं असेल, असंही वाटून गेलं. पण सतीशला कॉम्प्युटर कुठल्या बाजूनं चालू करतात ते माहीत नव्हतं, आणि नावाच्या रकान्यात त्याची चार प्रश्नचिन्हं तशीच होती. तिचं नाव मात्र रोज जरा ठळक दिसायचं. हे डोळ्यांचं असेल.

मग एक दिवस मुक्काम वैराग होता, आणि खुशालीचा रकाना बदलला होता. ‘लेकरू झालं. दोघं खुशाल.’

नऊ जण पायरीवर होते. मी गप्प बसलेला बघून तुळजाबाई पेटीवरून उठली आणि माझ्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. तरी ती त्या ओळीकडंच बघत होती. तिचं बोट काचेवर टेकलं, बरोबर तिथं.

“हे काय हाय?”

मी वाचलं. काय करणार, वाचून दाखवलं. पायरीवर गलका झाला. बायडाबाई म्हणाली, वैरागात बाळंत झाली अन् सासू ना आई, कसली गं तू, जा की. तुळजाबाई खरंच निघाली. एसटीनं गेलं तर गाठ पडेल का ते विचारायला लागली. मी तिला हाताला धरून खाली बसवलं. म्हटलं, मावशी, तू तिकडं जाशील अन् ती इकडं येईल, चुकामूक होईल. रस्त्यात आहे, येतेय. घरीच थांब.

ती थांबली. माझ्याकडं बघून हसली. म्हणाली, “तुमी वाचून दावलं म्हनून जीव ऱ्हायला माजा, भाऊ. न्हाईतर मी मेलते.”

संध्याकाळी तिनं गल्लीत साखर वाटली. माझ्याही हातावर ठेवली. ती तोंडात टाकल्यावर मला जाणवलं की मी तिला दारात थांबवून ठेवलंय, आणि तिच्याकडं जे येतंय त्याला रस्ता मीच दाखवलाय. मी ‘निघाली’ म्हणालो नसतो तर ती निघाली नसती.

बार्शी. येरमाळा.

८

कळंब आलं तेव्हा मात्र मी थांबलो. कळंबनंतर मांजरा नदी ओलांडली की आपला तालुका. पुढचा मुक्काम कुठला ते सांगायला नकाशा लागत नव्हता.

सकाळचे अकरा वाजले होते. मी डेटाबेस उघडला, एकशे सतरावी ओळ निवडली आणि पुसली. पुन्हा बघितलं. एकशे सोळानंतर एकशे अठरा. पान उघडलं, तिथंही नाही. मग शटर लावून सरळ तुळजाबाईकडं गेलो आणि सगळं सांगितलं. प्रश्नचिन्हं सांगितली, बंद ठेवलेला फोन सांगितला, आश्रुबाचं बोलणं सांगितलं. बर्फ, बांध, सगळं.

ती भिंतीला टेकून ऐकत होती. रडली नाही. शेवटी म्हणाली, आईला कळतंच, बंकटभाऊ, मला पहिल्या दिसापून ठावं व्हतं. तुमी माज्यापायी खोटं बोललाव, तुमाला पाप न्हाई. मग तिनं फाडलेल्या लुगड्याचे चौकोन गोळा केले आणि शेजारच्या बाळंतिणीला देऊन टाकले. दहाव्याला मी सोबत गेलो. त्यानंतर साइटवर कधी काही वावगं दिसलं नाही.

इथं गोष्ट संपते.

९

म्हणजे मी नेहमी इथं संपवतो. ह्यातला आठवा भाग मी बनवलेला आहे. तुम्हाला तो वाचतानाच कळला असेल. पोरगी गेलेली बाई इतकं शहाण्यासारखं कुठं बोलते, आणि बोलली तरी मला माफ करायला कशाला बोलेल? मी ओळ पुसली नाही. त्या दिवशी तिच्या घरी गेलो नाही. बाकी सगळं खरं आहे, आणि जे झालं ते असं.

कळंबच्या दुसऱ्या दिवशी मुक्कामाच्या रकान्यात आमच्या गावाचं नाव होतं. एक वाजता नऊ जणांसमोर मी वाचलं, ‘घरी पोचली. दोघं खुशाल.’ मान वर केली तर पेटीवर तुळजाबाई नव्हती. त्या दिवशी ती आलीच नव्हती, हे मला तेव्हा लक्षात आलं.

त्यानंतर ती वाचनाला आली नाही. मी तिच्या गल्लीनं जायचं सोडलं. बाकीच्यांपैकी कुणी तिच्याकडं जाऊन आलं का, हे मी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. मात्र वाचनाला येणारे हळूहळू कमी झाले.

अकरा-बारा दिवसांनी, दुपारी अडीचच्या सुमाराला, ती दुकानात आली. ऊन समोरून येतं म्हणून मी शटर अर्धं ओढून बसलो होतो. ती वाकून आत आली, पेटीवर बसली. बरी दिसत होती. हातांना हळदीचा आणि तेलाचा वास होता.

“लेकराची नोंद करायची हाय,” म्हणाली. “संस्थेत करत्यात म्हनं.”

करतात. टोळीत जन्मलेल्या मुलांचा फॉर्म साइटवर आहे. तोही मीच लिहिलाय. मी उघडला. जन्माचं गाव विचारलं, तिनं वैराग सांगितलं. मुलगा की मुलगी, मुलगी. नाव?

तुळजाबाई शटरकडं तोंड करून जरा मोठ्यानं म्हणाली, “राजे, काय ठिवायचं म्हनतीस?”

मी तिकडं बघितलं. बघायला नको होतं. शटर अर्धं खाली होतं, त्यामुळं पायरीवर उभ्या असलेल्याचे फक्त पाय दिसत होते. बाईचे पाय. अनवाणी. घोट्यापर्यंत राखाडी, आणि ती धूळ नव्हती. आमच्याकडची धूळ मला माहीत आहे. वरून थोपटल्याचा आवाज येत होता, मूल खांद्यावर घेऊन थोपटतात तसा, एका लयीत. मूल मात्र काही आवाज करत नव्हतं.

बाहेरून कुणी बोललेलं मला ऐकू आलं नाही. तुळजाबाईनं मान डोलावली. “प्रियदर्शनी लिवा.”

मी लिहिलं. अक्षरं नीट उमटली. आईचं नाव लिहिलं, तेही उमटलं. त्याच्या खाली पुढचा प्रश्न आला. फॉर्म लिहिताना तो मीच घातला होता, म्हणजे पोरकी मुलं संस्थेला लवकर कळावीत: आई हयात आहे का? हो. नाही. दोन्हीपैकी एक निवडल्याशिवाय फॉर्म पुढं जात नाही.

थोपटणं थांबलं. तुळजाबाई माझ्या तोंडाकडं बघत होती. शटरखाली ते पाय दुकानाच्या बाजूला वळले, आणि एक पाऊल पुढं आले.

मी ‘हो’ दाबलं.